डागामागचं तिसरं

चारशे सतरा नंबरच्या पिशवीतला प्लास्टरचा जबडा दातवाल्याने तळहातावर घेतला, आणि त्यातला एक दात त्याच्याकडे बघून ओळखीचं हसला. दातवाला म्हणजे दात उपटणारा नव्हे, घडवणारा. दवाखान्यांतून डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे, त्या ठशांत प्लास्टर ओतून इथे जबडे उभे राहायचे, आणि त्या जबड्यांवर तो एकतीस वर्षं दात चढवत आला होता. माणसं त्याला कधी भेटली नाहीत. पिशवीवर नंबर, चिठ्ठीवर वय, बाई की पुरुष, आणि दाताचा रंग, एवढीच काय ती ओळख. निम्म्या शहराच्या तोंडात त्याच्या हातचं काही ना काही असेल, पण रस्त्यात कुणी त्याला ओळखून हसलं नव्हतं. आणि आज हा दात हसला. वरच्या ओळीतला डावीकडचा दुसरा, समोरच्या थोरल्या दाताच्या खांद्याआडून कान देऊन उभा असल्यासारखा, जरासा तिरका. या दाताला त्यानेच नाव ठेवलं होतं, चहाडखोर. लेक बारा वर्षांची असताना तार लावून त्याने तो सरळ करून घेतला होता. पुढे तिने रात्रीची तार घालायचा कंटाळा केला, आणि चहाडखोर पुन्हा आपल्या जागी, आपल्या कामाला हजर झाला होता. दातवाल्याने जबडा उलटा केला. आतली बाजू, जिभेकडची, ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. चारही दातांची पाठ कुणी चाटून नेल्यासारखी. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंचं गोल अक्षर होतं: स्त्री, वय तेवीस, वरचे चार पुढचे, आतून आम्लाने झीज, आतल्या अंगाने पातळ पापुद्रे बसवायचे आहेत.

मेणाच्या डबीला टेकवून ठेवलेल्या मोबाईलमध्ये त्या वेळी घारीने पिसं फुलवली. ही मासे मारून जगणारी घार, पोटाने पांढरी, डोळ्यावरून काजळाची पट्टी ओढल्यासारखी. दूरच्या कुठल्याशा तळ्याकाठी उंच खांबावर तिचं काटक्यांचं घरटं होतं आणि घरट्यावर एक कॅमेरा, दिवसरात्र उघडा. मोबाईलवर तो लेकीनेच त्याला लावून दिला होता. "बाबा, दिवसभर मेलेले दात बघता, जरा काही जिवंत बघा," ती म्हणाली होती. मग तो बघत राहिला. अंडी तीन होती. दोन पिल्लं पाठोपाठ निघाली, तिसरं तीन दिवस उशिरा, म्हणजे जन्मतःच मागच्या बाकावर. नर मासा धरायचा, तळ्याकाठी बसून त्याचं डोकं स्वतः खायचा, उरलेला धडाचा भाग आणून मादीच्या पुढ्यात टाकायचा आणि निघून जायचा. मग मादी चोचीने एकेक तुकडा तोडून एकेका चोचीत द्यायची, इतक्या हलक्या हाताने की ज्याला हात नाहीत त्याच्या हाताला हलकं म्हणायचं कसं, असा प्रश्न दातवाल्याला पडायचा. त्याचाही हात हलका होता. धंद्यात त्याच्याबद्दल तेवढंच एक बोललं जायचं.

"काय मामा, घारीने आज बाजार केला का?" पलीकडच्या टेबलावरून झिलईवाल्याने विचारलं. दातांना चकाकी आणायचं काम त्याचं. फिरत्या चाकाच्या आवाजात बोलून बोलून त्याचा आवाज कायम चढा झाला होता. "का पिल्लं उपाशीच?"

"अजून नाही आणला," दातवाला म्हणाला.

"आणि तुमचा चेहरा का असा उतरलाय? घरट्यात तुमचाही वाटा होता की काय?"

जबडा त्याने टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. अशी झीज त्याने एकतीस वर्षांत तीनदा पाहिली होती. तिन्ही वेळा त्याने ते काम मन लावून केलं होतं, डबा खाल्ला होता आणि घरी गेला होता. दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन लावला तेव्हा आपण नेमकं काय विचारणार हे त्याला ठाऊक नव्हतं. तो दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दोन गाड्या बदलून जावं लागायचं. लेक मुद्दामच एवढ्या लांब गेली असणार. ओळखीच्या डोळ्यांपासून दूर, दूर, आणि तिथून तिचा जबडा एका पिशवीत बसून नेमका बापाच्या टेबलावर आला होता.

"चारशे सतराचं विचारायचं होतं," तो म्हणाला. "झीज फार आहे. कशाने?"

"तुम्ही मला विचारताय? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं." बाई थांबल्या. "जेवायचं आणि काढून टाकायचं. घशात बोट घालून. निदान चार वर्षं चालू असेल. मी पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिलीय तिला, मनाच्या. जाईल तेव्हा खरं. पापुद्रे मात्र लवकर करा, दात फार झोंबतात म्हणते."

"घरचे कुणी..."

"तेवढी एकच विनंती केलीय तिने. घरी कळू नये. मोठी आहे, तेवीस वर्षांची, मला बांधील राहावं लागतं. तुम्हाला काय, तुमच्यासाठी नुसता नंबर. म्हणून बोलले हो."

"हो," दातवाला म्हणाला, "नंबरच." आणि फोन खाली ठेवताना त्याला वाटलं, आपण आत्ता कुणालातरी फसवलं, पण कुणाला, ते ध्यानात येईना.

चार वर्षं. म्हणजे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ती कामाला लागली त्याच्याही आधीपासून. तो एकेक जेवण मनात उलगडत बसला, जुन्या कपाटातले कपडे झटकून बघावेत तसं. लेक नीट जेवत होती! हीच तर गंमत. बारीक नाही, मरतुकडी नाही. ताटावर बसली की हसत, बोलत, दुसऱ्यांदा वाढून घेणारी. आई कौतुकाने कुरकुरायची, "खाल्लेलं अंगी म्हणून लागत नाही बघा या पोरीच्या. जातं कुठे एवढं?" आणि तिघंही हसायचे. मग लेक उठायची, बोळातून आत जायची, बाथरूमची कडी टक् वाजायची आणि नळ सुटायचा. बराच वेळ. आई इथून ओरडायची, "अगं, टाकी रिकामी करशील, नदी वाहते का आत?" त्या नळाच्या आवाजावर त्याने चार वर्षं सुपारी कातरावी तसं निवांत वर्तमानपत्र वाचलं होतं. खाणारं पिल्लू डोळ्यांना दिसलं की बापाचं पोट भरतं. डोळ्यांची भूक ती, डोळ्यांनीच भागते, आणि डोळ्यांसारखं आंधळं दुसरं काही नाही.

ती सहा-सात वर्षांची असताना तिचे दुधाचे दात पडायला लागले, तेव्हा दातवाल्याच्या घरचे दात असे वाऱ्यावर थोडेच जाणार, त्याने त्यांच्यासाठी गाणं बांधलं होतं. दोघांनी खिडकीशी उभं राहून ते म्हणायचं, तिने पडक्या खिंडारातून वारा काढत:

जा रे दाता दूर गावा,
धाकट्याला दे सांगावा,
हसू पडलं उघडं बाई,
दार लावाया कुणी नाही.

सुट्टीत ती त्याच्याबरोबर कामावर यायची, उंच स्टुलावर बसून जबड्यांना नावं ठेवायची. हा हेडमास्तर, ही रुसूबाई. त्याच स्टुलावर तिला त्याने आपलं एक गुपित सांगितलं होतं. त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी बजावलं होतं, कारागिराने आपली खूण ठेवावी, पण ती मिरवू नये. म्हणून तो प्रत्येक दाताच्या पाठीवर, हिरडीपासून केसभर वर, एक आडवी रेघ सोडायचा. डोळ्याला दिसायची नाही, डॉक्टरच्या सळईलाही कळायची नाही, पण जिभेला लागायची. "जीभ आंधळी असते ना, म्हणून तिला सगळं कळतं," तो म्हणाला होता. तिने त्याचा घडवलेला एक दात तोंडात घालून, डोळे मिटून, जिभेने चाचपला होता, आणि थुंकून टाकून ओरडली होती, "सापडली! बाबा, सापडली!" पुढे कितीतरी दिवस ती पाहुण्यांना सांगत सुटायची, माझे बाबा लोकांच्या तोंडात लपून बसतात.

त्या संध्याकाळी तो जेवायला बसला आणि त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. चहाडखोर अधूनमधून ओठाआडून डोकावत होता.

"बाबा, आज तिसऱ्याला मिळालं का काही?" लेकीने बटाट्याचा तुकडा मोडत विचारलं. "मी कामात होते, बघायला झालं नाही."

"सकाळी एक मासा आला. थोरल्याने मारून मारून त्याला खाली पाडलं. मोठ्या दोघांचं झाल्यावर मिळाला एखादा तुकडा."

"हुशार आहे ते. मान खाली घालून पडून राहतं, म्हणजे मारत नाहीत. मग हळूच आईच्या दुसऱ्या अंगाने जातं."

"अगं पण ते कॅमेरावाले त्याला खाली उतरवून वेगळं का नाही चारत?" आईने विचारलं. आई कपड्यांच्या दुकानात मापं घेऊन दुरुस्त्या करायची. कुठलीही गोष्ट उसवून पुन्हा शिवता येते असं तिला मनापासून वाटायचं. "एवढा कॅमेरा बसवता येतो, मग चिमटीभर मासा नाही देता येत?"

"नियम आहे आई. घरट्यात हात घालायचा नाही. माणूस वर चढला तर घाबरून मोठी दोघं उडी टाकतील, अजून पंख नाहीत धड."

"मेला नियम! मग बघायचं तरी कशाला?"

लेक हसली. पाणी प्यायली, ताट उचललं, आत गेली. टक्. नळ. दातवाला उठला. बोळातून दारापर्यंत चौदा पावलं होती, आज पहिल्यांदा मोजली गेली. दारावर त्याने हात उगारला आणि बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं, दुसऱ्याच्या घरी वाजवावं तसं.

"कोण?"

"मी."

पाण्याच्या आवाजामागे काहीतरी थांबलं.

"काय हवंय बाबा?"

किती शब्द होते जगात! "टॉवेल," तो म्हणाला.

"टॉवेल बाहेरच आहे, दोरीवर. तुमच्या मागे."

त्याने मागे वळून बघितलं. होता. टॉवेल खांद्यावर टाकून तो परत येऊन बसला, कोरड्या हातांनी कोरडं तोंड पुसत. आणि आत नळ जरा आणखी मोठा झाला.

मग तळ्यावर वादळ आलं. तीन दिवस नर मासा न घेता यायचा, घरट्याच्या काठावर भिजून बसायचा, हिशेब चुकलेल्या कारकुनासारखा इकडेतिकडे बघायचा आणि पुन्हा उडायचा. पाणी ढवळलं की वरून मासा दिसत नाही, असं कॅमेऱ्याखाली कुणीतरी लिहिलं होतं. हजारो माणसं बघत होती, देशोदेशीची, आणि खाली ओळी पळत होत्या. अहो, कुणीतरी जा. तुम्हाला हृदय आहे का? मी स्वतः शिडी आणते. कॅमेरावाले दर तासाला तेच एक वाक्य लावत होते: आम्ही बघतो, हात घालत नाही. दुपारी तिसरं चोच उघडून पडलं होतं आणि थोरलं त्याच्या मानेवर टोचे मारत होतं. मादी शेजारीच बसून पावसाकडे बघत होती. तिने पंख पसरले तेव्हा मारणारं आणि मार खाणारं, दोन्ही सारखीच झाकली. दातवाल्याने आयुष्यात कधी अशा ठिकाणी काही लिहिलं नव्हतं. त्याने प्लास्टरने पांढऱ्या झालेल्या बोटाने एकेक अक्षर शोधून लिहिलं, तिसऱ्याला बघा कुणीतरी. ओळ क्षणभर दिसली, मग बाकीच्या ओळींनी तिला खाली ढकललं. त्याला स्वतःचीच शरम वाटली. चौदा पावलांवरच्या दाराशी टॉवेल मागणारा माणूस, आणि निघाला खांबावर चढायला!

"मामा, रडताय का काय?" झिलईवाल्याने चाक थांबवलं.

"पूड गेली डोळ्यात."

"पूड माझ्याकडे उडते, डोळ्यात तुमच्या जाते," झिलईवाला म्हणाला. पण उठून त्याने पाण्याचा पेला आणून शेजारी ठेवला, आणि पुढचा तासभर थट्टा केली नाही.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. त्याने घाईघाईने मोबाईल टेकवला, आणि पाहतो तर अर्धं घरटं गायब. पोट भरलेल्या पिल्लाने काठाकडे पाठ करून, रीतीप्रमाणे, लांबवर पिचकारी मारली होती आणि ती नेमकी कॅमेऱ्याच्या काचेवर बसली होती. पांढरा, ओघळलेला डाग. डागाच्या उजवीकडे दोन डोकी हलत होती. डावीकडचा कोपरा, जिथे तिसरं पडून राहायचं, तो डागामागे होता. पुसायला कुणी जाणार नव्हतं. पिल्लं उडून जाईपर्यंत काच अशीच राहणार, असं कॅमेरावाल्यांनी लिहून टाकलं. झिलईवाला हसून हसून वाकला. "एवढी दुनिया बघत बसली होती मामा, तिच्या तोंडावर बरोबर नेम मारला पोराने!" दातवालाही हसला. मग हसणं कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

चारशे सतराचे पापुद्रे त्याने त्याच दिवशी करायला घेतले. चिनीमातीची पूड काचेवर पाण्यात कालवायची, कुंचल्याच्या टोकावर थेंबाएवढी उचलायची, थरावर थर चढवायचा, भट्टीत घालायचं, काढायचं, पुन्हा चढवायचं. मादी तुकडा तोडते तसा तो थेंब उचलत होता, चोचीच्या टोकाने. इतकं चांगलं काम त्याने कधी केलं नव्हतं, आणि एवढं निरुपयोगी. त्याला माहीत होतं, आम्ल येत राहिलं तर पापुद्र्याच्या कडेने आत शिरेल. दोन वर्षांत सगळं सुटेल आणि चहाडखोर पुन्हा उघडा पडेल. तो मासा आणत होता, ते गळ्याखाली राहणं त्याच्या हातात नव्हतं. तीन पापुद्रे त्याने गुळगुळीत करून बाजूला ठेवले. चौथा, चहाडखोराचा, चिमट्यात धरून तो बराच वेळ बसला. रेघ ओढायची, तर तिच्या जिभेला कळणार. जीभ तिला सांगणार: बाबांना ठाऊक आहे. मग ती जेवणं बंद करील, घर सोडील, अजून लांबच्या बाथरूमची कडी लावील. माणूस वर चढला की मोठी पिल्लं उडी टाकतात, पंख नसले तरी. आणि न ओढायची, तर ती त्या चौदा पावलांपलीकडे एकटीच. मोठ्याने बोलायचं धाडस त्याच्यात नव्हतं, हे त्याला टॉवेलच्या दिवशीच कळून चुकलं होतं. त्याने सगळ्यात बारीक सुई घेतली, श्वास धरला, आणि हिरडीपासून केसभर वर एक आडवी रेघ ओढली. तिन्हींना रेघ नव्हती. चहाडखोरालाच होती.

पिशवी गेली. आठवडा गेला. डागामागे काय आहे यावर कॅमेऱ्याखाली दोन पक्ष पडले, आहे म्हणणारे आणि नाही म्हणणारे. मादी कधीकधी तुकडा तोडून डागाच्या दिशेने मान वळवायची. ती भरवत होती की सवयीने वळत होती, ते दिसत नव्हतं.

ज्या संध्याकाळी पापुद्रे बसले ती संध्याकाळ त्याने लेक घरात शिरताच ओळखली. ती आईशी बोलताना ओठ जरा जपून हलवत होती, नवे जोडे घातलेल्या माणसासारखी.

"आज उशीर गं?" आईने विचारलं.

"काम होतं."

ताटं मांडली गेली. ती जेवली, आई बोलत राहिली. दुकानात एका बाईने दोन मापं कमी सांगून घेतलेला झगा, तिचा श्वास, उसवलेली शिवण. लेक हसली आणि हसता हसता थांबली. तिचे गाल आतून हलले. जीभ दातांमागून फिरत होती, एकदा डावीकडून, मग थांबून, पुन्हा त्याच जागी. हातातला घास ताटाच्या कडेला उतरला. तिने मान वर करून बापाकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली नाही. तेवढं एकच त्याने स्वतःकडून कबूल करून घेतलं होतं. तिच्या डोळ्यांत राग आला, मग भीती, आणि मग सात वर्षांच्या पोरीचं काहीतरी, खिडकीशी उभं राहिलेलं, येऊन गेलं.

"जेव ना गं," आई म्हणाली. "तोंडात काय सापडलं, खडा?"

"काही नाही."

जेवण संपलं. आई भांडी घेऊन ओट्याशी गेली. लेक उठली, बोळाच्या तोंडाशी गेली आणि तिथेच भिंतीला हात लावून थांबली. दातवाल्याने मोबाईल उगाच पेल्याला टेकवला. तळ्यावर संध्याकाळचं ऊन होतं आणि डाग सोनेरी दिसत होता. ती परत आली, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली, हात मांडीखाली दाबून.

"किती दिसतात?"

"दोन."

"आणि तिसरं?"

"डागामागे असेल."

"असेल, की आहे?"

"मला दिसत नाही गं," तो म्हणाला. आवाज फुटला, तो त्याने तसाच राहू दिला.

दोघंही बघत बसले. नर मासा घेऊन आला, टाकून गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ओट्याशी भांडी वाजत होती. तिची जीभ पुन्हा दातांमागे गेली हे त्याला न बघता कळलं.

"बाबा, ती रेघ घासून काढता येते?"

"येते. मिनिटभराचं काम आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईसुद्धा काढतील. सांग फक्त."

मादीने तुकडा तोडला आणि डागाकडे मान वळवली.

"राहू दे," लेक म्हणाली.

मग ती उठली. त्याच्या खांद्यावर तिचा हात टेकला की खुर्चीची पाठ धरताना नुसता लागला, ते त्याला समजलं नाही. ती बोळातून आत गेली. तो मोजत होता, बारा, तेरा, चौदा. नळ सुटला. कडीचा टक् त्याला ऐकू आला नाही. की आला होता, आणि नेमकं त्याच वेळी ओट्याशी पातेलं पडलं? "नदी वाहते का गं आत?" आईने सवयीने हाक दिली. उत्तर आलं नाही. दार उघडं असेल तर ती चूळ भरत असेल, तोंड धूत असेल, नुसती पाण्याकडे बघत उभी असेल. उठून चौदा पावलं गेलं तर दिसेल. तो उठला नाही. पुढे वाकून त्याने मोबाईल डोळ्यांपाशी आणला. डागाच्या कडेशी काहीतरी हललं, वाऱ्यावरची काटकी, किंवा पिसाचं टोक. पाणी वाहत होतं. एक, त्याने मोजलं. दोन. आणि पुढचा आकडा ओठांवर धरून, तोंड तसंच उघडं ठेवून, तो बघत राहिला.